साध्या वेशातली मॅडम

निर्मला, तुझा फोन माझ्या पार्लरच्या ड्रॉवरमध्ये आहे, कंगवे आणि मेंदीच्या कोनांच्या शेजारी. चार्ज करून ठेवलाय. तुझ्या पूजानं दहाव्याच्या दिवशी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मावशी, मम्मी सांगी गयी, हाऊ फोन तुमलेच देवाना." मी घेतला. पोरीचं तोंड एवढंसं झालेलं, तिला नाही म्हणवेना. पण तू तो का दिलास ते मला ठाऊक आहे, आणि मला ते पटलेलं नाही हे तुला ठाऊक होतं. मेल्यावर तरी माणसानं वाद सोडावा की नाही? तू काही सोडला नाहीस.

उद्या बाजार आहे. उद्या तो वाजेल. उचलायचा की वाजू द्यायचा, या एकाच विचारानं सकाळपासून माझ्या हाताला काम सुचत नाही. एका नवरीच्या भुवया मी आज एक जाड आणि एक बारीक केल्या. तिच्या आईनं मला जे ऐकवायचं ते ऐकवलं.

तुझ्या दारावर आलेल्या बाया दहा दिवस काय काय बोलत होत्या, ते ऐकायला तू हवी होतीस. निर्मला कशी कामाची, निर्मला कशी वेळेची, नोकरी करून सासू कशी सांभाळली. सगळं खरं. पण ऐकताना मला वाटे, या दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताहेत. सिनेमाचं नाव एकीनं काढलं नाही. एकीनं काढायचा प्रयत्न केला, "आनि ते पिक्चरमा..." म्हणाली, तर तुझ्या नणंदेनं तिच्याकडे असं बघितलं की तिनं पदरानं तोंडच पुसलं. तुझ्या घरात तो सिनेमा म्हणजे झाकून ठेवायची गोष्ट. जसं काही तू घर सोडून कुणाबरोबर गेली होतीस.

म्हणून मी लिहितेय. मला लिहायची सवय नाही, हिशेबाचं सोडलं तर. पण तुझ्याशी भांडायचं राहिलंय आणि समोर तू नाहीस, तर करू काय?

आठवतंय ना कशावरून सुरू झालं ते? लग्नाचं शूटिंग करणारे आपले पप्पूभाऊ. त्यांच्या डोक्यात सिनेमा शिरला. आता सिनेमा म्हटला की गाड्या हव्यात, बंदुका हव्यात, बंगला हवा. पप्पूभाऊंकडे होता एक कॅमेरा, एक ड्रोन आणि सासऱ्याची बोलेरो, तीही सासऱ्याचा मूड असला तर. मग त्यांनी डोकं लढवलं. साध्या वेशातले पोलीस! त्यांना जीप लागत नाही, ठाणं लागत नाही, खाकी ड्रेस फक्त शेवटच्या सीनला लागतो. त्यातही बायका घेतल्या तर मारामारीवाले लागत नाहीत, दोन थपडांत भागतं. असा तो विषय ठरला. नाव ठेवलं 'साध्या वेशातल्या वाघिणी'. पोस्टरवर वाघीण काढली ती मांजर निघाली, पण ते नंतरचं.

तू त्यांना मिळालीस एसटीत. शहादा-अक्कलकुवा गाडीत ते बसले होते. एका बाप्यानं म्हाताऱ्या बाईच्या सीटवर पाय पसरले, तू एकदा सांगितलंस, ऐकलं नाही, तशी तू दोरी ओढलीस आणि त्याला भर उन्हात केळीच्या बागांमध्ये उतरवून दिलंस. पप्पूभाऊ पुढच्या स्टॉपपर्यंत तुझ्याकडे बघत बसले. म्हणाले, "ताई, तुमी इन्स्पेक्टर." तू म्हणालीस, "तिकीट दखाडा पहिले."

आणि मी आले मेकअपला. दुसरी हिरॉईन धुळ्याची होती. शूटिंगच्या सकाळी तिच्या भावानं फोन करून सांगितलं, ती येणार नाही. पप्पूभाऊ डोकं धरून बसले. तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, माझं तोंड आहे का सिनेमाचं? तू म्हणालीस, "हवालदारले तोंड कसाले लागस?" झालं. सबंध सिनेमात मला एकच वाक्य. तू काहीही म्हण, मी म्हणणार, "जी मॅडम." खड्ड्यात उडी मार, जी मॅडम. साप आहे, जी मॅडम. खऱ्या आयुष्यात मी तुझं एक ऐकलं नाही, म्हणून तुला त्या वाक्याचा केवढा आनंद! पार्लरमध्ये आलीस की मुद्दाम काहीतरी सांगायचीस आणि वाट बघायचीस.

खापरच्या बाजारातले ते दिवस मी कितीदा तरी मनात फिरवून बघते. आपण दोघी भाजीवाल्या बनून बसणार आणि गुजरातेत दारू नेणारी टोळी पकडणार, असा सीन. पण लोक कॅमेऱ्याकडे टकामका बघायचे. पोरं तर कॅमेऱ्यापुढे नाचायचीच. शेवटी पप्पूभाऊंनी काय केलं, कॅमेरा कापडवाल्याच्या माळ्यावर नेला, वर चादर टाकली, नुसती काच बाहेर. आपल्याला खाली कुणी सांगणारा नाही, सुरू कधी झालं, थांबलं कधी, काही कळेना. आणि बसायचं कुठं? बाजारात प्रत्येकीची जागा ठरलेली. आपण दोघी पाट्या घेऊन उभ्या. तेव्हा ती सरकली. मोगीबाई.

(वाचणाऱ्यांसाठी सांगते, मोगीबाई हे तिचं खरं नाव नाही, आणि गावाचं नाव मी बदललं असेल किंवा नसेल. निर्मला, एवढी अक्कल मला तुझ्या संगतीनं आली.)

डोंगरातून आमचूर घेऊन यायची ती. आंब्याच्या वाळवलेल्या फोडी, काळसर, आंबट वासाच्या. तिनं अर्धं फडकं आपल्यापुढे सरकवलं आणि अर्धी आमचूर आपल्यापुढे ओतली. माल नसलेल्या भाजीवाल्या कशा दिसतात ते तिला कळलं असावं. आणि मग गिऱ्हाईक आलं. खरं गिऱ्हाईक! तुला काय, तू विकायला लागलीस. "सुट्टे द्या, सुट्टे द्या, पुढे सरका." माळ्यावरून पप्पूभाऊ हात हलवताहेत, खलनायक, म्हणजे आपले केळीचे व्यापारी जगनशेठ, गॉगल लावून ताटकळलेत, आणि तू तराजू धरून बसलेली. मोगीबाई तोंडावर पदर घेऊन हसत होती. तिची सगळी आमचूर त्या दिवशी दुपारच्या आत खपली.

आता तो चादरीखालचा कॅमेरा बाजारानं पाहिलाच. खापरच्या बाजारात काय लपतं? पुढच्या वेळी आपण गेलो तर चहावाल्यानं आपल्या दोघींकडून पैसे घेतले नाहीत आणि मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, आमन्या दुकानात काही नही शे." आपल्याला समजेना. मग कापडवाल्यानं पप्पूभाऊंना हळूच सांगितलं, काय चर्चा आहे ती. सिनेमा-बिनेमा काही नाही. सिनेमा वरवरचा आहे. त्या बाया खऱ्या पोलीस आहेत आणि दारू पकडायला आल्या आहेत. सिनेमा असता तर कॅमेरा कशाला दडवला असता? कुणी तरी म्हणालं, अरे ती उंच बाई शहाद्याच्या गाडीवरची कंडक्टर आहे, मी ओळखतो. तर दुसरा म्हणाला, "मंग तेच ते! वरीसभर गाडीवर बशीसन माहिती काढी ऱ्हायंती!"

तू ते ऐकून इतकी हसलीस की काजळ गालावर आलं आणि मला ते परत घालावं लागलं. मी पण हसले. खोटं कशाला बोलू, मला पण बरं वाटलं होतं. पार्लरवालीला कुणी घाबरत नाही. त्या दिवशी एक फौजदाराच्या थाटाचा माणूस मला वाट देऊन बाजूला झाला.

हसू थांबलं ते मोगीबाईनं सांगितल्यावर. महूच्या, म्हणजे मोहाच्या झाडाखाली आपण भाकरी सोडली होती आणि ती आपल्याजवळ येऊन बसली. तिची भिली बोली मला निम्मीच कळायची, पण तू गाडीवर शिकली होतीस, तुला कळत होती. तिच्या घरामागे हायवेवरचा एक माणूस दारूचे खोके आणून ठेवायचा. रात्र-दोन रात्री, मग गाडी येऊन न्यायची सीमेपार. तिनं कधी हो म्हटलं नव्हतं. नाही म्हणायची सोय नव्हती. नवरा कामाला लांब, घरात ती आणि सून. पकडलं तर घर तिचं, नाव तिचं. आणि गेल्या बाजारापासून तो आला नव्हता. "तुम्ही आल्या, खोके गेले," ती म्हणाली आणि तुझ्या भाकरीवर स्वतःच्या फडक्यातला ठेचा ठेवला.

मी तुझ्याकडे बघत होते, आता ही सांगेल, आता सांगेल. तू ठेचा लावून भाकरी खाल्लीस.

परतीच्या गाडीत आपलं पहिलं भांडण झालं. बोलेरोत, सासऱ्याच्या ड्रायव्हरसमोर.

"सांगाले पाहिजे व्हतं तिले," मी म्हटलं.

"काय सांगू?"

"का आपन पोलीस नही शेतस!"

"मी कधी म्हनं का तिले, मी पोलीस शे?"

"नही बी सांगं नही ना तू!"

"तिनी इचारं का? नही इचारं. मंग कसाले सांगू?"

हे तुझं उत्तर. पुढची सगळी वर्षं तेच. मी किती तऱ्हांनी मांडलं! म्हटलं, उद्या त्या माणसाला कळलं आणि तो तिच्या दारात उभा राहिला, तर तू जाशील का जीप घेऊन? तू म्हणालीस, "जासू. एस्टी लिसन जासू." म्हटलं, तिला खऱ्या पोलिसांकडे जायला सांग. तू म्हणालीस, "तिले खऱ्या पोलिसनी भीती वाटस. मन्ही नही वाटत." मी म्हटलं, खोट्याच्या भिंतीला टेकून बसवलंयस तू त्या बाईला, पडली तर ती मरेल, तू नाही. त्यावर तू बॅगेतली चिल्लर मोजायला लागलीस. तेवढ्या एकाच वेळी. मी अजूनही म्हणते की तो मुद्दा माझा होता आणि बरोबर होता.

सिनेमा संपला. मंगल कार्यालयात पडदा लावून दाखवला, मध्येच लाइट गेली. लाइट आली तेव्हा तू ड्रेसमध्ये जगनशेठना थप्पड मारत होतीस, जी तू खरीच मारली होतीस. मग तो मोबाइलवर आला, लोकांनी बघितला, हसले, विसरले. तुझ्या घरच्यांनी मात्र विसरल्यासारखं केलं, विसरले नाहीत. आपल्याला वाटलं, संपलं सगळं.

तर तुझा फोन वाजला. तू पार्लरमध्ये होतीस, डोक्याला मेंदी. मी स्पीकर लावून तुझ्या कानापाशी धरला. "हां मॅडम! मोगी बोलते मॅडम!" एवढा आवाज की बाकावरची गिऱ्हाइकं दचकली. नंबर तिला तूच दिला होतास, भाकरीच्या दिवशी. तुला वाटलं, काही झालं. तू विचारत राहिलीस काय झालं, काय झालं, आणि ती आपली जोरजोरात, कोंबडी बसलीय मॅडम, अंडी धरलीत मॅडम, हां मॅडम. आपण एकमेकींकडे बघितलं. मग तिनं आवाज खाली नेला आणि एवढंच म्हणाली, "तो समोर आहे."

तुला लगेच कळलं. मला कळायला वेळ लागला. तिला तुझ्याकडून काहीच नको होतं. बाजारात, त्या खोकेवाल्या माणसाच्या देखत, तिला कुणाला तरी मॅडम म्हणायचं होतं. तू घसा साफ केलास आणि पप्पूभाऊंनी लिहिलेलं ते सिनेमातलं वाक्य सिनेमातल्याच आवाजात टाकलंस, "बरं. लक्ष आहे माझं." तिकडून "हां मॅडम!" आणि फोन बंद. तुझ्या कपाळावरून मेंदीचा ओघळ येत होता आणि तुझे डोळे भरले होते. मी पुसायला गेले तर म्हणालीस, मेंदी गेली डोळ्यात.

तेव्हापासून दर बाजाराला. गाडी स्टँडला लागलेली असो, तू कानबाईच्या सणात रोटांच्या गडबडीत असो, तू उचलायचीस. शेळी व्याली, बरं, लक्ष आहे माझं. महू कमी पडला, बरं, लक्ष आहे माझं. सुनेला मुलगी झाली तेव्हा तर ती बाजारात उभी राहून ओरडली, "पोरगी झाली मॅडम!" आणि तू इन्स्पेक्टरच्या आवाजात विचारलंस, "वजन किती?" आणि खोके? खोके पुन्हा आले नाहीत. हेही मला मान्य करायला हवं, तू समोर असताना कधी केलं नाही.

एकदा मी वेगळा डाव टाकला. म्हटलं, अगं, सिनेमा आता मोबाइलवर आहे. तिच्या सुनेनं लावला तर? तुझं नाव त्यात येतं, खाली फुलांच्या चौकटीत. तिला कळेल तू फसवलंस. तू तिकिटाचं मशिन पुसत बसली होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तिले मालूम शे व. बायासले सगळं समजस." मी म्हटलं, तिला माहीत असतं तर ती 'मॅडम मॅडम' कशाला करती? तुला उत्तर द्यायचा कंटाळा आला असेल. तू "चाल, गाडी लागनी" म्हणून निघून गेलीस. त्यावर आपलं धड बोलणं झालंच नाही पुन्हा.

मग दुखणं आलं. त्याचं मी लिहीत नाही. आपण त्याला सुरतेच्या दवाखान्यात घेऊन गेलो आणि ते तुला घेऊन गेलं, बस. तुझे मालक रमेशभाऊ डबा न्यायचे, पूजा रात्री बसायची, मी पार्लर बंद ठेवून बाजाराच्या दिवशी यायचे. बाजाराचाच दिवस का, ते त्या दोघांनी विचारलं नाही. तुला उठता येत नव्हतं. फोन वाजला की मी तुझ्या पाठीखाली हात घालायचे. तू बसायचीस, श्वास गोळा करायचीस, आणि तो आवाज! सलाइन बदलायला आलेली सिस्टर दारातच थांबली एकदा. "लक्ष आहे माझं." मग तू उशीवर पडायचीस आणि बराच वेळ तुला बोलता यायचं नाही. तेव्हा मला तुझा इतका राग यायचा, निर्मला. त्या आवाजात तुझा एक-एक दिवस जातोय असं वाटायचं. आणि तो राग कुणावर काढायचा ते कळायचं नाही, मग मी सिस्टरवर काढायचे.

शेवटच्या वेळी तू विचारलंस. दुपार होती, खिडकीतून ऊन तुझ्या पायांवर आलं होतं.

"कुसुम, आते तू उचलशी ना?"

मी म्हटलं, "नही. माले नही जमाव."

"काबरं?"

"मी खोटं नही बोलाव. उचलं तर तिले खरं सांगी दिसू."

मला वाटलं, आता भांडशील. मी तयारीत होते, खरं सांगायचं तर मला हवंच होतं ते. भांडलीस म्हणजे तू अजून आहेस. तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "सांग ना. पन उचल."

मी उठले. तुझ्या पायावरची चादर सारखी केली. गाडीची वेळ झाली म्हणून निघाले. पुढच्या बाजाराला तू बोलण्याच्या पलीकडे गेली होतीस आणि त्या दिवशी फोन कुठल्या पिशवीत वाजला, ते कुणालाच कळलं नाही.

तुला हिरवं नेसवलं. तुझी शेवटची वेणी मी घातली. घरच्या बाया म्हणाल्या, राहू दे, आम्ही करतो. मी म्हटलं, हे माझं काम आहे. तुझ्या भुवयांवरून बोट फिरवलं. इन्स्पेक्टरच्या म्हणून त्या मी मुद्दाम टोकदार केल्या होत्या, आणि सिनेमानंतरही तू त्या तशाच करून घ्यायचीस. घरात कुणाच्या ते कधी लक्षात आलं नाही. तेवढा सिनेमा तू तोंडावर घेऊन फिरलीस आणि तसाच घेऊन गेलीस. त्या वेळी मी रडले नाही. घरी येऊन कंगव्यात तुझे केस दिसले तेव्हा रडले.

एवढं लिहून मी काल थांबले होते. पुढचं आज लिहिते. आज बाजार झाला.

सकाळपासून ड्रॉवर उघडा ठेवला होता. समोर खुर्चीत शेजारची सुलभा, दोरा माझ्या दातात, तिची एक भुवई झालेली. आणि फोन वाजला. वाजू दिला. थांबला. परत वाजला. सुलभा म्हणाली, घ्या ना, कुणाचं महत्त्वाचं असेल. मी दोरा टाकला आणि उचलला. तुझ्यासाठी नाही उचलला. मागच्या बाजारांना तिनं हा न उचललेला फोन किती वेळा लावला असेल, त्या माणसासमोर, हे माझ्या डोक्यात आलं म्हणून.

"हां मॅडम! मोगी बोलते मॅडम!"

मागं बाजार. कुणी तरी केळी ओरडतंय, ट्रकचा हॉर्न. मी मनात पाठ केलेलं सगळं एका दमात बोलले, थांबले तर बोलता येणार नाही म्हणून. "मोगीबाई, मी कुसुम बोलतेय, शहाद्याहून. तिच्यासोबत असायची ती. निर्मला वारली. आणि ऐका, ती पोलीस नव्हती. मी पण नाही. तो सिनेमाच होता. आम्ही तुम्हाला सांगायला हवं होतं."

तिकडून बाजारच बोलत होता. मला वाटलं, तिला ऐकूच गेलं नाही. मग तिचा आवाज आला, खालचा, मी तो फार थोड्या वेळा ऐकला होता.

"कंडक्टरबाई वारल्या?"

कंडक्टरबाई म्हणाली, निर्मला.

मी "हो" म्हटलं की नाही, ते आठवत नाही.

"कधी?"

सांगितलं.

"जाळलं?"

"हो."

"मी आली असती," ती म्हणाली. "त्यांच्या गाडीनं आली असती."

तुझ्या गाडीनंच तर ती डोंगरातून उतरायची, खापरच्या शूटिंगच्या आधीपासून, किती वर्षं! पाट्या वर टाकायला तू हात द्यायचीस. हे मला इतक्या दिवसांत एकदाही सुचलं नाही. मला वाटत होतं, तिची-तुझी ओळख सिनेमात झाली.

मी तोंडावर हात धरून उभी होते. तिकडे ती नाक ओढत होती. आणि मग तिनं एक लांब श्वास घेतला, मला ऐकू आला तो, आणि सगळ्या बाजाराला जाईल अशा आवाजात ती ओरडली, "बदली झाली? मॅडमची बदली झाली का? लांब झाली? बरं बरं! मग आता इकडं कोण, तुम्ही का मॅडम?"

आरशात सुलभा माझ्याकडे बघत होती, एक भुवई झालेली, एक राहिलेली.

"मॅडम, जोरात बोला! ऐकू येत नाही! आता तुम्ही का?"

फोन तिनं कानापासून लांब धरला असणार, त्या माणसाच्या दिशेनं. मी घसा साफ केला. तुझा आवाज मला जमत नाही, निर्मला, तुझ्यासारखा तो पोटातून येत नाही माझा. पण जेवढा होता तेवढा काढला.

"हो. आता मी. लक्ष आहे माझं."

"हां मॅडम!" आणि फोन बंद.

पुढच्या बाजाराला परत वाजेल. तुझा चार्जर मी आता पार्लरच्या बोर्डाला कायमचा लावून ठेवलाय. वाद तू जिंकलीस, आणि माझं हरल्याचं तोंड बघायला तू नाहीस, हे मी तुला कधी माफ करणार नाही. तिला माहीत होतं. तू म्हणालीस तसं. आणि तू म्हणालीस तसा मी उचलला.

जी मॅडम.